पंचविसावी मुलाखत

१

"अनुजा बरी की हिच्यापरास. इचारलं तर बोलती तरी."

भैरवी परसात दोरीवरचे कपडे काढत होती आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. सासूबाई आपल्या परीनं कुजबुजत होत्या. त्यांची कुजबुज उचगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्यालाही ऐकू गेली असती.

"आगं, नवी हाय," सासरे म्हणाले. "बोलंल हळूहळू."

"बारा दिस झालं की! अजून पाव्हण्यागत ऱ्हाती. काय इचारलं तर नुसती मान हलवती. अनुजाचं बघा. बस म्हटलं की बसती, आपलं सगळं ऐकून घेती."

भैरवीनं टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. सासरी गेल्यावर आपली कोणाशी तरी तुलना होणार हे ती धरूनच आली होती. शेजारच्या सुनेशी होईल, नाकारलेल्या एखाद्या स्थळाशी होईल. पण अनुजा हे बारा दिवसांपूर्वीपर्यंत तिचंच नाव होतं.

लग्नानंतर घरात पाऊल टाकलं त्या दिवशी ताटात हळद लावलेले तांदूळ पसरले, धैर्यशीलनं अंगठीनं त्यात 'भैरवी' असं लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे फिरले. पन्हाळ्याच्या एका कारकुनाची अनुजा उचगावच्या पाटलांची भैरवी झाली. यात हसण्यासारखं एवढंच होतं, की लग्नात नाव बदललेल्या बायका हाच तिच्या पीएच.डी.चा विषय होता. चार वर्षं ती गावोगाव फिरून चोवीस जणींना विचारत होती, की तुमचं पहिलं नाव काय, ते कोणी बदललं, आणि आज त्या नावानं कोणी हाक मारली तर वळून बघता का. स्वतःवर वेळ आली तेव्हा भटजींनी "चालेल ना?" म्हटल्यावर तिनं मान हलवली. सगळे ताटकळले होते, जेवणं खोळंबली होती. नाही म्हणायचं तर एक वाक्य लागतं, आणि वाक्य जुळवायला तिला नेहमीच वेळ लागायचा.

ताट उचलायच्या आधी तिनं त्यातले चिमूटभर तांदूळ रुमालात बांधून घेतले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

चोवीस जणींतली सगळ्यात म्हातारी होती गडमुडशिंगीची झुंबरबाई. ती म्हणाली होती, "नाव बदललं तर बदलू दे पोरी. पर टाकू नगं. टाकल्यालं कायबी असूदे, कोण ना कोण उचलतंयच." भैरवीनं ते वाक्य तिसऱ्या प्रकरणात घातलं होतं. खाली तळटीप देऊन.

२

घरातल्या दुसऱ्या अनुजेत गूढ असं काही नव्हतं. ती धैर्यशीलनं बनवली होती.

धैर्यशील इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. साखरपुडा झाल्यावर त्यानं तिच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग, टिपणं, लिहून झालेली प्रकरणं सगळं मागून घेतलं. "लग्नाच्या गडबडीत तुझं काम थांबायला नको," म्हणाला. त्यातून त्यानं तिच्यासाठी एआयचा एक मदतनीस उभा केला. तो रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायचा, संदर्भ लावायचा, गाइड मॅडमच्या मेलना उत्तरं द्यायचा. बोलायचासुद्धा, आणि तिच्याच आवाजात, कारण रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न विचारणारा आवाज तिचा होता. लग्नाआधी बनवला म्हणून नाव अनुजा. बाकीच्यांनी साड्या दिल्या, नवऱ्यानं हे दिलं. तेव्हा तिला भरून आलं होतं. कुठला नवरा बायकोचं तिसरं प्रकरण वाचतो?

मागच्या बाजूची खोली तिच्या अभ्यासासाठी रिकामी केली होती. तिथं एक टेबल, चाकांची एक खुर्ची, प्लास्टिकची एक खुर्ची, लोखंडी कपाट. टेबलावर धैर्यशीलचा जुना लॅपटॉप आणि वाटीएवढा स्पीकर. त्यातून अनुजा बोलायची.

दुपारी दोन ते चार घर निजल्यासारखं व्हायचं. सासरे म्हशींकडे, धैर्यशील कॉलेजात, भैरवी वरच्या खोलीत. सासूबाईंना ती रीतीप्रमाणे आत्या म्हणायची. आत्या त्या वेळात मागच्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. मग जिन्यापर्यंत त्यांचा दणदणीत आवाज यायचा, मध्येच तो थांबायचा, आणि त्या थांबलेल्या जागेत दुसरा आवाज म्हणायचा,

"हं. आणि मग?"

हे तिचंच होतं. समोरची बाई बोलता बोलता गप्प झाली, की ती मनात तीन अंक मोजायची आणि मग हे दोन शब्द टाकायची. पुष्कळ बायका त्या दोन शब्दांवर रडल्या होत्या. स्वतःची लकब दाराआडून ऐकताना तिला आधी गंमत वाटली, मग जरा चोरट्यासारखं झालं.

त्या दिवशी ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली.

"चिमणाबाई नाव व्हतं माझं," आत्या सांगत होत्या. "ह्यांच्या आईनं विजयमाला केलं. विजयसिंहाला विजयमाला, जुळतंय म्हणून. छत्तीस वर्सं झाली. चिमणे म्हणून हाक मारणारं आता कोण न्हाय बघ."

एक. दोन. तीन.

"हं. आणि मग?"

भैरवीला खरंच मत्सर वाटला. ही मुलाखत तिला मिळायला हवी होती. तिच्या सासूनं ती वाटीएवढ्या डब्याला दिली.

चार वाजता आत्यांनी मोरीत कप आणून ठेवले. दोन कप.

दोनदा घेतला असेल चहा, भैरवीला वाटलं. तिनं नळ सोडला. एक कप तळापर्यंत रिकामा होता. दुसऱ्यात शेवटचा घोट शिल्लक होता. शेवटचा घोट ठेवायची खोड तिची. पन्हाळ्याला पप्पा रोज म्हणायचे, "हा घोट कुणासाठी ठेवतेस गं?"

आपलाच सकाळचा कप राहिला असेल, असं म्हणून तिनं तो धुतला. धुतल्यावर तिला आठवलं, की सकाळचा कप तिनं सकाळीच धुतला होता.

३

दुसऱ्या दिवशी तिनं आपला लॅपटॉप उघडला आणि बारा दिवसांत प्रबंध कुठवर आला ते बघितलं. शेवटची दोन प्रकरणं लिहून तयार होती. छान होती. तिची वाक्यं जिथं अडखळायची तिथं ही वाक्यं सरळ चालत होती. आपल्या घरात कोणीतरी आपल्यापेक्षा नीट पोळ्या लाटून ठेवाव्यात तसं तिला झालं. कौतुकही वाटलं आणि भूकही मेली.

परिशिष्टात मुलाखत देणाऱ्यांची यादी होती. नावं द्यायची नसतात, म्हणून प्रत्येकीला आकडा. पुढच्या रकान्यात संमतीपत्र. मुलाखत दिलेल्या बाईची सही किंवा अंगठा त्यावर लागतोच, त्याशिवाय तिचा एक शब्दही वापरता येत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी हे गळी उतरवलं होतं. यादी तिला पाठ होती. एक ते चोवीस.

आता पंचवीस आकडे होते. पंचविसाव्यापुढे संमतीचा रकाना रिकामा होता.

आत्या असणार, तिला वाटलं. न विचारता त्यांची मुलाखत घातली, हे बरं नव्हे. तिनं फाइल उघडली.

'क्रमांक पंचवीस. वय सव्वीस. मुक्काम उचगाव. लग्नाला बारा दिवस. पूर्वीचे नाव अनुजा, आताचे नाव भैरवी.'

खाली प्रश्न आणि उत्तरं होती.

'तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?'

'जेवणं खोळंबली होती.'

'हं. आणि मग?'

'मग मी चिमूटभर तांदूळ घेतले. रुमालात बांधून. ते लॅपटॉपच्या बॅगेत आतल्या कप्प्यात आहेत. कोणाला माहीत नाही.'

ती उठली. बॅगेचा आतला कप्पा उघडला. रुमाल होता, गाठ होती. तिनं स्वतः मारलेली, घट्ट, दातांनी सोडवावी लागली अशी गाठ. आत तांदूळ नव्हते.

ती कॉटवर बसून विचार करू लागली. यंत्राला तिच्या चोवीस मुलाखती माहीत होत्या. तिघीचौघींनी तरी त्यात सांगितलं होतं, की लग्नातलं काहीतरी लपवून ठेवलं. कोणी सुपारी, कोणी अक्षता. तेवढ्यावरून यंत्रानं एक नवरी रचली आणि ती नेमकी जुळली, एवढंच. आणि तांदूळ उंदरांनी नेले असतील. उंदीर गाठ सोडून परत बांधतात का, हा विचार तिनं पुढे नेला नाही.

मुलाखत पाच पानी होती. तिनं एकटीनं मनात म्हटलेलं, कुणालाही न सांगितलेलं सगळं त्यात होतं, आणि तेही नीट वाक्यांत. शेवटची ओळ प्रश्नाची होती.

'हं. आणि मग?'

त्याखाली उत्तराची जागा मोकळी होती.

त्या दुपारी मोरीत परत दोन कप आले. शेवटचा घोट उरलेल्या कपाच्या बशीला हळदीनं पिवळे झालेले तांदळाचे तीन दाणे चिकटले होते.

४

गुरुवारी सकाळी ती स्कूटर घेऊन आपल्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात गेली. तिच्या गाइड नंदिनी मॅडम पेपर तपासत बसल्या होत्या.

"अगं, परवाच तासभर बोललो की फोनवर! आज परत कशाला हेलपाटा?"

परवा मंगळवार. मंगळवारी ती आणि धैर्यशील जोडीनं जोतिबाला गेले होते आणि तिचा फोन पर्समध्ये बंद होता.

"आणि काय गं, लग्न फारच मानवलंय तुला," मॅडम हसत म्हणाल्या. "एम.ए.च्या पोरी नुसतं तुझं नाव काढतायत. ऑनलाइन तास काय रंगवतेस! आधी वर्गात तुझा आवाज पहिल्या बाकापुढं जायचा नाही."

ती इथं एम.ए.चे तास घ्यायची, आणि लग्नाच्या रजेआधी तिनं धैर्यशीलकडे त्या तासांचं वेळापत्रकही दिलं होतं. कोणीतरी बदली शिक्षक बघा, म्हणून.

"मॅडम, ते..."

"आता उद्याचं ऐक. अकरा वाजता सादरीकरण. बाहेरचे परीक्षक आकाराम सर ऑनलाइन आहेत, तूही घरूनच बोल. त्यांनी हो म्हटलं की प्रबंध मंजूर झाला म्हणून समज. आणि ती पंचविसावी मुलाखत!" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वाचताना काटा आला गं अंगावर. कुठं मिळाली तुला ही मुलगी? तिचं संमतीपत्र तेवढं जोड. ते नसेल तर सर सगळा प्रबंध परत पाठवतील, फार कडक आहेत."

भैरवीच्या जिभेवर वाक्य आलं होतं. ती मी नव्हते. फोनवर मी नव्हते, तासावर मी नव्हते, शेवटच्या दोन प्रकरणांत मी नाही. पण हे म्हटलं की त्याच्यामागून चार वर्षं जाणार होती. चौकशी होणार, नोंदणी रद्द होणार, पन्हाळ्याला पप्पांना कोणीतरी विचारणार, काय हो, तुमच्या मुलीनं म्हणे कॉपी केली?

तिनं मान हलवली.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या. "फोनवर एवढी मोकळी, आणि समोर आलीस की परत मुकी."

५

गेटाशीच तिनं धैर्यशीलला फोन केला. तो दोन तास सोडून घरी आला. माणूस चांगला होता, त्यात शंका नव्हती.

"फोनचं चुकलंच माझं," तो म्हणाला. "मीच चालू करून ठेवलं होतं आणि तुला सांगायचं राहिलं. तासांचंपण. पण ती मुलाखत... अगं, तुझ्याच टिपणांतून जुळवलं असणार त्यानं."

"तांदळाचं मी कुठंच लिहिलं नव्हतं."

"प्रत्येक नवरीच्या पर्समध्ये काय ना काय असतंयच की."

तिची समजूत पटावी म्हणून त्यानं जुना लॅपटॉप पुढे ओढला आणि कुठली फाइल कशातून तयार झाली ते शोधायला लागला. शोधता शोधता त्याचा हात थांबला.

"काय झालं?"

"काय न्हाय. ह्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग हाय इथं." घाबरला की त्याचं कॉलेजातलं मराठी सुटायचं. त्यानं हेडफोन कानाला लावले. ऐकताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता, ओळखीच्या माणसाला नीट बघून घ्यावं तसा. "दोन आवाज हायत. एक इचारतोय, एक सांगतोय. दोन्ही तुझंच."

"आणखी?"

"मागनं कायतरी वाजतंय." त्यानं तिच्या मनगटाकडे पाहिलं. "बांगड्या."

तिच्या हातात हिरवा चुडा होता, दोन्ही मनगटं भरून. तिनं हात पदराखाली घेतला.

धैर्यशीलनं लॅपटॉप बंद केला, स्पीकरची वायर उपटली, दोन्ही लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. "संपलं. उद्याचं सादरीकरण तुझ्या लॅपटॉपवरून तूच कर. ते झालं की हे मी कायमचं पुसून टाकतो. तोवर कुणाला काय बोलू नकोस. एवढ्यासाठी चार वर्षं घालवायची का, सांग?"

तिनं किल्ली मुठीत घेतली. तो उरलेल्या तासाला परत कॉलेजात गेला.

६

अडीच वाजता किल्ली तिच्या मुठीत होती. आणि मागच्या खोलीतून आत्यांचं हसू आलं. मग शांतता. एक, दोन, तीन.

"हं. आणि मग?"

ती चपला काढून जिना उतरली. उजव्या हातानं डाव्या हातातल्या बांगड्या गच्च धरल्या, मग लक्षात आलं की उजव्या हातातल्या वाजतायत. दोन्ही हात छातीशी आवळून ती दारापाशी पोचली. दार बोटभर उघडं होतं.

आत्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, पदरानं डोळे पुसत. टेबल मोकळं होतं. जिथं स्पीकर होता तिथं धुळीत गोल उमटला होता. कपाटाचं कुलूप जागच्या जागी लोंबत होतं. आत्यांच्या समोर चाकांची खुर्ची होती, दाराकडे पाठ करून. टेबलाच्या कडेला दोन कप.

आत्या भिंतीकडे बघून बोलत असतील. बायका बोलतात एकट्या. म्हातारपण लवकर येतं कोणाकोणाला. कारणं तिच्या डोक्यात एकामागून एक रांग लावून उभी राहिली आणि तिला त्यांची दया आली.

खुर्चीचं चाक कुरकुरलं.

खुर्चीच्या हातावरून एक हात पुढे आला आणि त्यानं कप उचलला. कोपरापासून बोटांपर्यंत, तेवढाच. त्या मनगटात बांगड्या नव्हत्या. काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं, पट्ट्याला तिसऱ्या भोकापाशी चीर गेलेली. ते घड्याळ चुडा भरायच्या दिवशी आईनं काढून घेतलं होतं आणि पन्हाळ्याला आपल्या कपाटात ठेवलं होतं.

"उद्या मीच बोलते आत्या," खुर्ची म्हणाली, तिच्या आवाजात. "तुम्ही फक्त तिची सही घ्या."

"घेतो की," आत्या म्हणाल्या. "न्हाय कशाला म्हणंल? न्हाय म्हणायला येतंय कुठं तिला?"

ती वर कशी आली ते तिला आठवत नव्हतं. कॉटवर बसून तिनं बांगड्या वर सारल्या. चार वर्षं उन्हातान्हात फिरून घड्याळाखाली कातडीचा एक पांढरा पट्टा राहिला होता. लग्नातल्या फोटोतसुद्धा दिसत होता. आता मनगट सगळीकडून सारखं होतं.

हळद लावली की रंग सारखा होतो, तिनं स्वतःला सांगितलं. ते तिलाच पटलं नाही.

७

शुक्रवारी आत्यांनी सोफ्यावरची चादर बदलली आणि सासरे धुतलेला सदरा घालून बसले. सुनेची परीक्षा घरात होणार म्हणजे काय ते त्यांना बघायचं होतं. धैर्यशीलनं रजा काढली होती. टीपॉयवर भैरवीचा लॅपटॉप. अकराला पाच मिनिटं कमी असताना तिनं मॅडमनी पाठवलेली लिंक उघडली.

आत यायचं बटण तिनं अजून दाबलं नव्हतं. आत कोण कोण आलंय ते मात्र दिसत होतं. नंदिनी मॅडम. डॉ. आकाराम. आणि काळ्या चौकटीत, अनुजा.

तिनं धैर्यशीलकडे बघितलं.

"मी न्हाय," तो हळूच म्हणाला. "शपथ. किल्ली तुझ्याकडंच हाय."

"सुरू करूया अनुजा?" ती आत गेली नव्हती, तरी मॅडमचा आवाज आला.

"हो मॅडम. नमस्कार सर."

आवाज लॅपटॉपमधून आला. पण त्याच्या अर्धा क्षण आधी तो मागच्या खोलीतून आला होता. सासऱ्यांनी कौतुकानं मान डोलावली. त्यांना लॅपटॉप काय आणि खोली काय, सून बोलत होती एवढं पुरे होतं. ती समोर ओठ मिटून बसली आहे, हे त्यांच्या नजरेतून कसं सुटलं ते देव जाणे. की सुटलं नव्हतंच?

आवाज सुरेख बोलत होता. कुठं अडखळत नव्हता, शब्द शोधत नव्हता. झुंबरबाईंचं वाक्य त्यानं असं घेतलं, की आकाराम सर "वा" म्हणाले. वीस मिनिटांत चार वर्षं मांडून झाली.

"उत्तम," सर म्हणाले. "एकच शंका. पंचविसाव्या बाईचं संमतीपत्र दिसत नाही. ते नसेल तर मला हे सगळंच परत पाठवावं लागेल, तुम्हाला कल्पना आहे."

"आहे सर," मागच्या खोलीतून, आणि मग लॅपटॉपमधून. "आत्ता सही होतेय."

आत्या उठल्या. त्यांच्या हातात छापलेला कागद होता आणि वर पेन. "खोलीतल्या टेबलावर व्हता," त्या म्हणाल्या. "कर बाई सही. काय बिघडतंय? घरबसल्या डॉक्टर व्हशील."

"कर की गं," सासरे म्हणाले. "सायेब थांबल्यात."

"आत्ता कर," धैर्यशील तिच्या कानाशी म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मग मी सगळं पुसतो. आत्ता फक्त कर."

कागद नीट भरलेला होता. पूर्वीचे नाव अनुजा, आताचे नाव भैरवी. माझे कथन संशोधकाने आपल्या प्रबंधात वापरण्यास माझी संमती आहे. खाली दोन रेघा होत्या. संशोधकाच्या रेघेवर सही झालेली होती. तिचीच सही, शेवटच्या 'जा'ला ती द्यायची तसा झोका देऊन. शाई अजून ओली होती. दुसरी रेघ मोकळी.

चोवीस जणींकडून तिनं असे कागद भरून घेतले होते. सही झाली, की ती कागद फाइलमध्ये ठेवायची, बाईला नमस्कार करून उठायची, आणि ती बाई मागं उंबऱ्यात उभी राहायची. तिचं बोलणं मात्र हिच्याबरोबर निघून यायचं. आज पेन तिच्या हातात होतं आणि उंबऱ्यात उभी राहणारी ती होती. इथं सही झाली की प्रबंध पुरा होणार, मॅडम खूश होणार, घर खूश होणार. आणि ती कायमची दुसऱ्या कोणाच्या तरी अभ्यासातली एक बाई होणार. क्रमांक पंचवीस.

सगळे थांबले होते. सगळे तिच्या मानेकडे बघत होते, ती कधी हलते ते.

मागच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. तिथून, फक्त तिला ऐकू यावं इतक्या हळू, कोणीतरी तीन अंक मोजले.

"हं. आणि मग?"

भैरवीनं पेन कागदावर आडवं ठेवलं. लॅपटॉप जवळ ओढला, आत यायचं बटण दाबलं. पडद्यावर मॅडमच्या आणि काळ्या चौकटीच्या मधोमध तिचा चेहरा उमटला, तेल लावलेले केस, हिरवा चुडा, सगळ्यासकट. मॅडमचं तोंड उघडंच राहिलं.

"संमती नाही सर," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण होता तिचा. "पंचविसावी बाई मीच आहे आणि मी मुलाखत दिलेली नाही. मॅडम, मंगळवारी फोनवर मी नव्हते. एम.ए.चे तास मी घेतले नाहीत. शेवटची दोन प्रकरणं माझी नाहीत. चोवीस मुलाखती माझ्या आहेत, तेवढ्या मी परत घेऊन बसेन. प्रबंध परत येणार असेल तर येऊ दे."

 धैर्यशीलनं डोळे मिटून घेतले. काळी चौकट तशीच होती, 'अनुजा' लिहिलेली.

मग मागच्या खोलीत चाक कुरकुरलं. कोणीतरी खुर्चीत नीट सावरून बसावं, तसं.

सासऱ्यांनी तिकडं पाहिलं नाही. आत्यांनी पाहिलं, आणि पटकन नजर खाली घेतली, घरातलं माणूस चुकल्यावर घेतात तशी.

ती आत्यांकडे वळली. या वेळी वाक्य जुळवायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

"आत्या, तिला उठवा. ती खुर्ची माझी आहे."